भिजत घातलेले चणे

इतर गावांना ज्वालामुखी असतो तो नीट डोंगरासारखा असतो. समोरच्या नेपल्सवाल्यांचा व्हेसुव्हियस घ्या. त्याच्याकडे बोट दाखवता येतं, त्याला शिव्या देता येतात, त्याचं चित्र कपबशीवर छापून पाहुण्यांच्या गळ्यात मारता येतं. आम्हा पोत्झुओलीकरांच्या नशिबी तेही नाही. आमचा ज्वालामुखी म्हणजे एक भलंमोठं पातेलं आहे. फार पूर्वी तो असा काही फुटला की डोंगर उरलाच नाही, खचलेला तळ तेवढा राहिला. त्या तळावर आम्ही घरं बांधली, चर्चं बांधली, मासळीबाजार भरवला आणि वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवले. खालचा जाळ मात्र कोणी विझवलेला नाही. मधूनच जमीन तव्यावरच्या भाकरीसारखी फुगायला लागते, फुगताना दणके देते, आणि मनात येईल तेव्हा परत बसते.

प्रोकोलो दि फ्राया हा या पातेल्यातला सुतार. गाव त्याला मिस्त्री म्हणायचं. जमीन फुगली की भिंती तिरक्या होतात, भिंती तिरक्या झाल्या की चौकट आवळते, चौकट आवळली की दार अडतं आणि दार अडलं की लोक मिस्त्रीला बोलावतात. तो रंधा घेऊन यायचा, दाराची कड जराशी तासायचा, दार दोनदा उघडून मिटून दाखवायचा आणि जायचा. पुढच्या दणक्याला पुन्हा तेच. काही दारं त्यानं इतक्या वेळा तासली होती की आता ती कपाटाला लावायच्या लायकीची उरली होती. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. मिस्त्रीचा संसारच मुळी फिरलेल्या वाशांवर चालायचा, त्यामुळे ज्वालामुखीविषयी कोणी वाकडं बोललेलं त्याला खपत नसे.

त्याचा खरा दरबार भरायचा बंदरावरच्या बारमध्ये. सकाळी कॉफीचा इवलासा कप हातात धरून तो जमलेल्यांना भूगर्भशास्त्र शिकवायचा. टीव्हीवर शास्त्रज्ञांचे दोन तट होते. एक म्हणायचा खाली वाफ कोंडली आहे, दुसरा म्हणायचा शिलारस वर येतोय. मिस्त्रीचा तट तिसरा, आणि त्यात तो एकटाच होता.

"वाफ नाही आणि शिलारस पण नाही," तो सांगायचा. "म्हातारी आहे ती. झोपेत कूस बदलते. आता म्हातारीनं कूस बदलायचीही चोरी?"

"मग बाजारातल्या रोमन खांबांना भोकं कशी पडली, सांग की," आनिएल्लो मासेवाला विचारायचा. "दोन पुरुष उंचीवर शिंपल्यांनी पोखरलंय त्यांना. म्हणजे मधल्या काळात तुझी म्हातारी समुद्राच्या तळाशी जाऊन आली."

"आली ना परत? मग झालं तर!"

आनिएल्लोला वाद घालायला वेळच वेळ होता. जमीन एवढी वर आली होती की बंदरातलं पाणी त्याच्या होडीखालून निघून गेलं होतं. तो रोज चिखलात बसलेल्या होडीत बसून जाळी सांधायचा आणि कंटाळा आला की बारमध्ये यायचा.

मिस्त्रीची भाकितं गावात प्रसिद्ध होती. धक्का बसून गेला की तो सांगायचा, "मला कालच वाटलं होतं." आधी सांगायचं धाडस त्यानं एकदाच केलं. "आता महिनाभर काही होत नाही," तो म्हणाला, आणि त्याच दुपारी चर्चची घंटा कोणी दोरी न ओढता वाजली. त्यावर त्याचं म्हणणं असं पडलं की तो महिना पुढच्या महिन्यापासून धरायचा होता.

पण हा सगळा तोंडाळपणा उगाच नव्हता, त्याच्या खाली एक जुनी सल होती. प्रोकोलो लहान असताना त्याचं घर रिओने तेर्रात, समुद्रात घुसलेल्या टेकाडावरच्या जुन्या वस्तीत होतं. सत्तर सालच्या मार्च महिन्यात एका सकाळी तिथे सैनिक आले. जमीन वर येतेय, सगळ्यांनी निघायचं, म्हणाले. किती दिवस, असं आईनं विचारलं. "चार दिवस, बाई," असं एका कोवळ्या सैनिकानं सांगितलं. आईनं आदल्या रात्री चणे भिजत घातले होते. ते तिनं झाकून ठेवले, कडी घातली आणि पोराचा हात धरून ट्रकमध्ये चढली. त्या वस्तीत ती पुन्हा पाऊल टाकू शकली नाही. कोणीच टाकू शकलं नाही. घर गेलं, शेजार गेला, मैत्रिणी कुठल्या कुठे पांगल्या, पण आईच्या डोक्यात राहिले ते चणे. अडथळ्यापाशी उभ्या असलेल्या सैनिकांना तिनं विचारलं, पाद्र्याला विचारलं, निवडणुकीत मतं मागायला आलेल्या प्रत्येक उमेदवाराला विचारलं, "त्या चण्यांचं काय झालं असेल हो?" उमेदवार आश्वासन द्यायचे. आमच्याकडे भिजत घोंगडी पुष्कळ आहेत, पण भिजत पडलेले चणे त्या एका बाईचेच.

पुढे सरकारनं ती वस्ती फार सुंदर दुरुस्त केली. इतकी सुंदर की आमच्यापैकी कोणाला तिथे राहू देणं शक्यच नव्हतं. आपलं जन्मघर बघायला मिस्त्रीला नाव नोंदवून तिकीट काढावं लागलं. पोरसवदा वाटाडी जमिनीखालची रोमन दुकानं दाखवत होती. मिस्त्रीनं हात वर केला आणि विचारलं, "वरच्या मजल्यावर चणे भिजत घातले होते, ते सापडले का?" तिनं नम्रपणे सांगितलं की रोमन काळातले चणे अजून तरी मिळालेले नाहीत.

दुसऱ्यांदा जमीन उठली ती त्र्याऐंशी साली. तेव्हा प्रोकोलो विशीतला गडी होता. या वेळी सरकारनं मागच्या माळावर मोंतेरुशेल्लो नावाची नवी वसाहत घाईघाईनं उठवली. रस्ते इतके रुंद की समोरच्या शेजारणीला हाक मारायची तर फोन करावा लागे. तिथल्या वाऱ्यात आणि चिखलात त्याला एकच चांगली गोष्ट मिळाली, ती म्हणजे फोर्तुनाता. ती पण खालच्या गल्लीतून उठवून आणलेली. लग्न झालं, जमीन शांत झाली आणि दोघं परत खाली, किनाऱ्यालगतच्या गल्लीत घर घेऊन राहिली. उंबरा ओलांडताना मिस्त्रीनं सांगून टाकलं, "दोनदा मी उठलो. तिसऱ्यांदा उठायचं तर म्हातारीनं उठावं." ती दगडावरची रेघ.

त्याच्या संताचं नावही प्रोकोलोच. आमच्या गंधकाच्या विवराशेजारी नेपल्सच्या जेन्नारो संताबरोबर त्याचंही मुंडकं उडवलं होतं, पण नाव झालं जेन्नारोचं. "मुंडकी सारखीच उडाली," मिस्त्री म्हणायचा, "पण माझा संत गावातच राहिला. जो गावात राहतो त्याला कोण विचारतो?" हे तो अभिमानानं म्हणायचा की तक्रारीनं, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं.

आता अडचण एवढीच होती की तिसऱ्यांदा जमीन उठत होती, फोर्तुनाताला हे घर सोडून बेर्गामोला लेकीकडे जायचं होतं, आणि मिस्त्रीला घर सोडायचं नव्हतं. लेक मारिलेना तिकडे उत्तरेत, लोंबार्दीत नर्स होती. ती दर रविवारी फोन करायची, आणि दर रविवारी मिस्त्री फोन हातात घेऊन म्हातारीची प्रकृती सांगायचा आणि ठेवून द्यायचा.

गेल्या वसंतात एका संध्याकाळी मोठा धक्का बसला तेव्हा तो बारमध्ये होता. बाटल्या पडल्या, लोक चौकात धावले, आणि चौकात एवढी माणसं आयती जमलेली बघून मिस्त्रीला राहवेना. कूस, म्हातारी, रोमन खांब, सगळं त्यानं पहिल्यापासून सांगितलं. घरी आला तर स्वयंपाकघराचं दार अडलेलं. आत फोर्तुनाता होती. तिनं गॅस बंद केला होता, ताटल्यांच्या काचा पायानं बाजूला सारल्या होत्या आणि हाका मारल्या होत्या. तो आला तेव्हा तिच्या हाका थांबलेल्या होत्या. त्यानं बिजागऱ्या उचकटून दार काढलं. ती भिंतीला टेकून उभी होती, चेहऱ्यावर चुन्याची भुकटी. मिस्त्रीच्या पोटात गोळा आला होता, आणि पोटात गोळा आला की त्याला हसू यायचं. काही माणसांचं तसं असतं. तो हसला, तिच्या खांद्यावरची भुकटी झटकली आणि रंधा आणायला गेला.

एवढ्यावर भागलं असतं. पण दुसऱ्या दिवशी बारमध्ये तो म्हणाला, "पस्तीस वर्षांत जे मला जमलं नाही ते म्हातारीनं एका दणक्यात केलं. बायकोला स्वयंपाकघरात ठेवलं." बार हसून लोळला. हे वाक्य गल्लीत पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. शेजारच्या एर्सिलियामावशीनं ते फोर्तुनाताला ऐकवलं. फोर्तुनातानं ऐकून घेतलं आणि ती भाजी चिरत राहिली. रविवारी लेकीच्या फोनवरही तिनं बेर्गामोचा विषय काढला नाही. विषय मिटला, असं मिस्त्रीला वाटलं. बायको गप्प बसली म्हणजे विषय मिटला, असं मानणारा माणूस ज्वालामुखीविषयी मत देत होता.

मग शरद ऋतूत तालीम जाहीर झाली. म्हणजे गाव रिकामं करण्याची रंगीत तालीम. योजना कागदावर कधीचीच तयार आहे. जमीन फुटायची वेळ आली तर अख्खं पोत्झुओली लोंबार्दीत पाठवायचं. ज्यानं हे ठरवलं त्यानं फुटबॉलचा सामना कधी पाहिला नसावा. तिकडचे लोक आमचा संघ दिसला की गाणी म्हणतात, व्हेसुव्हियसनं यांना आगीनं धुऊन काढावं. आता धुऊन निघाल्यावर टॉवेल मागायला त्यांच्याच दारात जायचं होतं.

"त्यापेक्षा ज्वालामुखी बरा," आनिएल्लो म्हणाला. "तो निदान गाणी म्हणत नाही."

तालमीत चौकात जमायचं, बसनं नेपल्सच्या स्टेशनवर जायचं, तिथे नोंदणी करायची, फुकटचं सँडविच खायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा बेत होता. फोर्तुनातानं नाव दिलं. मिस्त्रीला फार गंमत वाटली.

"जा, जा," तो म्हणाला. "मी दोनदा खरं नाटक केलंय, मला तालीम नको."

शनिवारी सकाळी ती निघाली तेव्हा तिच्याबरोबर चाकांची मोठी बॅग होती. मिस्त्रीनं ती जिन्यावरून उतरवायला घेतली आणि त्याची कंबर धरली.

"अगं, दगड भरलेस का यात?"

"हिवाळ्याचे कपडे आहेत. लोंबार्दीत थंडी असते."

"अगं बाई, संध्याकाळी परत यायचंय!"

"तालीम करायची तर नीट करावी," फोर्तुनाता म्हणाली. "तुझं जेवण टेबलावर झाकून ठेवलंय. मॅकरोनीचं ऑम्लेट."

तिनं त्याच्या कोटाची कॉलर नीट केली. असं तिनं बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं. गल्लीतले लोक बघतायत म्हणून करत असेल, असं मिस्त्रीला वाटलं, आणि तो जरा ताठ चालायला लागला.

चौकात जाकिटांची जत्रा होती. पिवळी जाकिटं स्वयंसेवकांची, नारिंगी अधिकाऱ्यांची, निळी कोणाची ते निळ्यांनाही ठाऊक नव्हतं. जाकीट नसलेली माणसं, म्हणजे ज्यांना वाचवायचं ते, तेवढी कमी पडत होती. आले होते त्यांतल्या निम्म्यांच्या हातात खाण्याचे डबे होते. एर्सिलियामावशीनं तर भाजलेल्या वांग्यांचा अख्खा ट्रे आणला होता, कारण सरकारी सँडविचवर तिचा विश्वास नव्हता. भोंग्यातून आवाज आला, "नागरिकांनी घाबरून जाऊ नये." नागरिक एकमेकांना वांगी वाढत होते. एक छायाचित्रकार वैतागून म्हणाला, "थोडं तरी घाबरा ना!"

तेवढ्यात उत्तरेकडून आलेल्या एका अधिकारीणबाईची नजर फोर्तुनाताच्या बॅगेवर पडली.

"ह्याला म्हणतात जागरूक नागरिक!" ती म्हणाली. "बघा सगळ्यांनी. सामान, औषधं, गरम कपडे. औषधं घेतलीत ना, बाई?"

"तीन महिन्यांची," फोर्तुनाता म्हणाली.

टाळ्या पडल्या. फोटो निघाला. फोटोत मिस्त्रीही शिरला आणि बॅगेवर हात ठेवून उभा राहिला. मग बॅग त्यानंच बसच्या पोटात ढकलली. बस सुटल्यावर बारमध्ये जाऊन तो म्हणाला, "सरकारनं माझ्या बायकोकडून शिकावं." आणि सगळ्यांना एकेक कॉफी पाजली.

संध्याकाळी बस परत आली. एर्सिलियामावशी रिकामा ट्रे घेऊन उतरली. मिस्त्री बसच्या दारापाशी थांबला, शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबला, मग आत डोकावला.

"मावशी, फोर्तुनाता कुठंय?"

"गेली की."

"कुठं?"

"लोंबार्दीला. ठरलंय ना तसं? जायचं लोंबार्दीलाच."

मिस्त्री अधिकारीणबाईकडे धावला. ती खुशीत होती.

"तुम्ही तिचे यजमान का? अभिनंदन! असं आहे बघा, योजनेत दोन पर्याय असतात. सरकारी निवारा, नाहीतर स्वतःची सोय. त्यांनी स्वतःची सोय निवडली. बेर्गामोला मुलगी आहे म्हणाल्या. गाडी शेजारच्या फलाटावर उभीच होती."

"अहो बाई, पण ही तालीम होती!"

"तर! आणि तालीम शेवटपर्यंत पार पाडणाऱ्या त्या एकट्याच. आम्ही त्यांचा खास उल्लेख करणार आहोत."

मिस्त्री घरी आला. टेबलावर ऑम्लेट झाकलेलं होतं. शेजारी ओट्यावर आईचा मातीचा वाडगा पालथा घातलेला होता, धुऊन, पुसून. नव्या घरात आल्यावर आईनं तो विकत घेतला होता, आणि दर शुक्रवारी रात्री त्यात चणे भिजत पडायचे, शनिवारी पास्त्यात घालायला. आईमागं ते काम फोर्तुनाताकडे आलं. आज शनिवार होता. काल शुक्रवार होऊन गेला होता आणि वाडगा पालथाच होता. सकाळी तो याच ओट्याशी उभा राहून कॉफी प्यायला होता. आई परत यायचं म्हणून चणे भिजत घालून गेली होती. ही घालून गेली नव्हती. मिस्त्री खुर्चीत बसला आणि त्याला हसूही आलं नाही.

रात्री फोन आला.

"जेवलास?"

"ही काय थट्टा आहे, फोर्तुना?"

"थट्टा तू करतोस. मी निघून आले."

"तिथं धुकं असेल. काही दिसत नसेल."

"नाही दिसत," ती म्हणाली. "पण इथली दारं उघडतात."

पहिले काही दिवस मिस्त्रीनं बारमध्ये सांगितलं की लेकीचं बाळ आजारी आहे, म्हणून ती गेली. मग सांगितलं की हवापालट. आनिएल्लोनं सगळं ऐकून घेतलं, साखर ढवळली आणि म्हणाला, "म्हातारीनं कूस बदलली वाटतं, मिस्त्री." बारमधलं कोणी हसलं नाही. मिस्त्रीला तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून त्याचं भूगर्भशास्त्र आटलं.

घरी जाऊन त्यानं स्वयंपाकघराचं दार काढलं. नुसतं दार नव्हे, चौकटच काढली, आणि त्या मोकळ्या भगदाडाचा फोटो काढून बेर्गामोला पाठवला. त्याच्या मते ही माफी होती. तोंडानं मागायची माफी त्याला येत नव्हती, हातानं येईल तेवढी त्यानं मागितली.

फोर्तुनाताचा फोन आला. "जखम मांडीला आणि मलम शेंडीला. दार काढलंस. भिंतीचं काय?"

यावर रंधा चालत नव्हता.

हिवाळ्यात एका पहाटे पुन्हा धक्का बसला. फार मोठा नव्हता, पण सरळ खालून आला, जमिनीनं गुडघा मारावा तसा. मिस्त्री त्या बिनदाराच्या स्वयंपाकघरात कॉफी ठेवत होता. दिवे गेले, वरून गिलावा पडला, आणि त्याच्या तोंडून निघालं, "फोर्तुनाता!" एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग त्याला कळलं की ऐकणारं कोणी नाही, आणि तो थांबला. अंधारात भिंतीला टेकून उभं राहिल्यावर त्याला त्या वसंतातल्या संध्याकाळची गोष्ट समजली. तो घाबरला होता. सात वर्षांचा असताना ट्रकमध्ये घाबरला होता तेवढाच, आणि मधली सगळी वर्षं त्यानं त्या भीतीवर बडबड रचली होती.

उजाडल्यावर तो नगरपालिकेत गेला.

"पुढची तालीम कधी?"

खिडकीतल्या कारकुनानं त्याला ओळखलं. अख्खं गाव ओळखत होतं. "मिस्त्री, तुम्ही? तुम्ही तर म्हणाला होतात, मी दोनदा..."

"एक नागरिक म्हणून विचारतोय."

आता कोणी म्हणेल, तिकीट काढून गाडीत बसायला कोणी अडवलं होतं? पण तसं गेलं असतं तर प्रोकोलो दि फ्राया गाव सोडून गेला, असं झालं असतं. तालमीत गेला तर तो सरकारी कामात सहभागी झाला. हा फरक लोंबार्दीत कळायचा नाही. पोत्झुओलीत शेंबड्या पोरालाही कळतो.

तालीम वसंतात निघाली. आदल्या रात्री मिस्त्रीनं वाडगा उताणा केला, त्यात दोन मुठी चणे घातले, पाणी घातलं, वर ताटली झाकली. सकाळी बॅग उतरवून एर्सिलियामावशीच्या हातात किल्ली दिली.

"तिला घेऊन येतो," तो म्हणाला. "चार दिवसांचं काम आहे. चणे भिजत घातलेत, बघा जरा."

मावशीनं त्याच्या बॅगेकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "रंधा पण घेतलास की रे."

"हत्यार हाताशी असावं."

"बरं, बरं," मावशी म्हणाली.

चौकात तीच जाकिटं होती आणि तोच भोंगा. कोणीतरी ओरडलं, "मिस्त्री, म्हातारीला कोण बघणार?" मिस्त्रीनं बॅग स्वतःच बसच्या पोटात ढकलली. स्टेशनवर त्यानं स्वतःची सोय निवडली. अहवालात त्याचाही उल्लेख झाला म्हणतात.

बेर्गामोला खरंच धुकं होतं. जिना चढून त्यानं घंटा वाजवली. फोर्तुनातानं दार उघडलं आणि ती बाजूला झाली. मिस्त्री आत आला नाही. त्यानं दार मिटून पाहिलं, उघडून पाहिलं, वरच्या कडेवरून अंगठा फिरवला. दार कुठेच घासत नव्हतं.

"झालं का बघून?" फोर्तुनाता म्हणाली.

"चुकलंच माझं," मिस्त्री दाराकडे बघत म्हणाला.

"दाराला सांगतोयस का मला?"

मग तो तिच्याकडे वळला आणि तेच पुन्हा म्हणाला. तिनं बॅग तेवढी आत ओढून घेतली. तिला घेऊन येतो म्हणून निघालेला माणूस असा आत गेला.

चार दिवस झाले, आठ झाले. तिकडच्या लोकांची दारं अडत नव्हती, पण कपाटं डुगडुगत होती, असं मिस्त्रीच्या लक्षात आलं. महिन्याभरानं त्यानं मावशीला फोन केला. मावशीनं गावची खबर दिली. काल पुन्हा दणका बसला, आनिएल्लोनं चिखलातली होडी विकायला काढलीय आणि तिच्यात बसायची सवय लागली म्हणून पुन्हा विकायची नाही म्हणतोय, बारमध्ये आता कोणी काही समजावून सांगत नाही.

"तुम्ही दोघं येताय कधी?" तिनं विचारलं.

"येऊ की," मिस्त्री म्हणाला. "चार दिवसांत." आणि ओट्याशी उभ्या असलेल्या फोर्तुनाताला, जिनं सासूच्या तोंडून ते वीस वर्षं ऐकलं होतं, ते पुन्हा एकदा ऐकू आलं.

"मावशी, त्या चण्यांचं काय झालं हो?"

"ते होय?" मावशी म्हणाली. "तू बसमध्ये बसलास आणि मी शिजवले बाबा त्याच दुपारी. तुझं तोंड बघितलं होतं ना मी. मीठ जरा जास्त पडलं."